गाडी दारात, किल्ली कोणाच्या हातात?

 

आज आम्ही मोटारींच्या शर्यतीबद्दल बोलणार आहोत. तुम्हाला वाटेल, गटाच्या कार्यक्रमात हे काय नवीन? आपल्याकडे शर्यत म्हटली की शंकरपट आठवतो. धुरकरी बैलजोडी हाकतो, घड्याळात सेकंद मोजले जातात आणि जिंकलेल्या जोडीची चर्चा चार गावांत होते. मोटारीची शर्यतही तशीच. हाकणाऱ्याचा हात पक्का लागतो, नजर पक्की लागते.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी सलून गाड्यांच्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं. मोटार शर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि ही शर्यत बायकांची वेगळी नव्हती. पुरुषांच्या बरोबरीने एकाच ट्रॅकवर गाडी चालवून त्या जिंकल्या.

डायनाताईंना दोन लेकरं आहेत. आधी त्या शिक्षिका होत्या. शर्यतीची आवड त्यांना वडिलांमुळे लागली. पण आवड असणं वेगळं आणि गाडीत बसायला मिळणं वेगळं. २०१८ मध्ये एका टायर कंपनीने बायकांना शर्यतीचं शिक्षण देण्याचा कार्यक्रम घेतला. त्यात डायनाताईंची निवड झाली आणि तिथून त्यांचा रस्ता सुरू झाला. म्हणजे २०१८ ला सुरुवात आणि २०२४ ला अजिंक्यपद. मधली सहा वर्षं सरावाची, घर सांभाळण्याची. पुढे २०२५ मध्ये आखाती देशांतल्या फेरारी गाड्यांच्या शर्यतींसाठीही त्यांचं नाव आलं.

आता हे अजिंक्यपद ठरतं कसं, तेही सांगतो. एक शर्यत जिंकली की झालं, असं नसतं. वर्षभरात वेगवेगळ्या फेऱ्या होतात. प्रत्येक शर्यतीत नंबराप्रमाणे गुण मिळतात आणि शेवटी गुणांची बेरीज होते. एकदा पहिला आला आणि दोनदा गाडी ठोकून बाहेर पडला, तर तो मागे राहतो. दर वेळी शर्यत नीट पूर्ण करणारा पुढे जातो. आपल्या गटाच्या बचतीसारखंच आहे हे. एका महिन्यात मोठी रक्कम टाकून गट मोठा होत नाही, दर महिन्याला न चुकता टाकल्याने होतो.

दुसरं म्हणजे, सगळ्यांना वाटतं की शर्यत म्हणजे नुसतं जोरात पळवणं. तसं नाही. सरळ रस्त्यावर वेग कोणीही घेतो. खरी कसोटी वळणावर लागते. वळण यायच्या आधी ब्रेक लावायचा, गाडी आवरायची, वळण संपताना मग वेग द्यायचा. आणि नजर जिथे जायचं तिथे ठेवायची. तुमच्यापैकी ज्या स्कूटी शिकल्या त्यांना हे पटेल. नजर खड्ड्याकडे गेली की गाडीही खड्ड्याकडेच जाते. शर्यतीत पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा, कोणाला ओलांडायचं नाही. लाल झेंडा दिसला की शर्यत थांबली. डोक्याला हेल्मेट, अंगात आगीपासून वाचवणारे कपडे, घट्ट पट्टे. हे नियम न पाळणाऱ्याला तिथे गाडीत बसू देत नाहीत. तो वेग त्या बंद ट्रॅकवरच शोभतो, आपल्या गावरस्त्यावर नाही.

कोणी म्हणेल, ती पुण्याची बाई, आपण खेड्यातल्या. शर्यत हा पैशांचा खेळ आहे, हे खरंच आहे. म्हणून आणखी एका बाईचं नाव सांगतो. लेला लोम्बार्डी. इटलीतल्या फ्रुगारोलो नावाच्या गावात १९४१ मध्ये तिचा जन्म झाला. वडील खाटीक. घरच्या धंद्याचं मटण पोचवायची गाडी लेला चालवायची. तिचा हात बसला तो त्या मालाच्या गाडीवर. पुढे ती फॉर्म्युला वन या जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार शर्यतीपर्यंत पोचली. एप्रिल १९७५ मध्ये स्पेनच्या शर्यतीत ती सहावी आली. अपघातामुळे ती शर्यत मध्येच थांबवली, म्हणून सगळ्यांना निम्मेच गुण मिळाले. तिच्या वाट्याला अर्धा गुण आला. पण १९५० पासून चालू असलेल्या या अजिंक्यपद स्पर्धेत गुण मिळवणारी बाई आजपर्यंत ती एकटीच आहे. तिथेही बायांना गाडीत बसायला जागा मिळणं इतकं अवघड आहे.

लेलाच्या घरात गाडी होती आणि ती चालवण्याचं काम तिच्याकडे होतं. मैत्रिणींनो, आमचा प्रश्न इथेच आहे. गाडी आपल्याही घरात आली. चालवण्याचं काम कोणाकडे आहे?

ग्रामसंघाच्या एका बैठकीत आम्ही विचारलं, ज्यांच्या घरी दुचाकी आहे त्यांनी हात वर करा. भराभर हात वर झाले. मग विचारलं, ज्यांना ती चालवता येते त्यांनीच हात वर ठेवा. बोटावर मोजण्याइतके राहिले. त्यातल्या कितीतरी गाड्यांसाठी कर्ज गटातून घेतलेलं. सही बाईची, हप्ता बाईचा, किल्ली मात्र नवऱ्याच्या नाही तर पोराच्या खिशात.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. वावरात सासूबाईंना साप चावला. घरधनी कापूस घेऊन तालुक्याला गेलेले. बांधावर झाडाखाली दुचाकी उभी, किल्लीही तिथेच. वावरात तीन बाया होत्या, पण एकीलाही चालवता येत नव्हती. एक जण पळत दुसऱ्या वावरात गेली, तिथून एका पोराला घेऊन आली, तेव्हा म्हातारी दवाखान्यात पोचली. नशिबाने त्या वाचल्या. पण ती ताई बैठकीत म्हणाली, "हप्ता म्या भरला, गाडी माह्यासमोर उभी, अन् मी दुसऱ्याच्या पोराची वाट पाहत बसली होती." त्यावर कोणी काही बोललं नाही. बोलणार काय?

बाया आम्हाला कारणं सांगतात. वय झालं, पडले तर, लोक हसतील, गाडी शिकून जायचं कुठे. पडायची भीती खरी आहे, म्हणून मोकळ्या मैदानात, हळू, हेल्मेट घालून शिकायचं. लोक चार दिवस हसतील. आणि जायचं कुठे? बँकेत, बाजारात, माल विकायला, लेकीच्या शाळेत, आणि वेळ आली तर दवाखान्यात.

आम्ही काय ठरवलं ते ऐका. यापुढे गटात गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला की एक प्रश्न विचारायचा, ही गाडी घरातली कोणती बाई चालवणार? गाडीचे कागद कोणाच्या नावावर होणार, हेही विचारायचं. हा प्रश्न कर्ज अडवायला नाही. हप्ता भरणारीचा गाडीवर हक्क राहावा म्हणून आहे.

दुसरं, ज्या गावात एकीला चालवता येते, तिने चौघींना शिकवायचं. वेचणीची घाई सरली की सकाळी अर्धा तास पुरतो. पण आधी शिकाऊ परवाना काढायचा. गिअरच्या गाडीसाठी वय अठरा पूर्ण लागतं. आधार कार्ड आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. चाळीसच्या वर वय असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे लाल रंगात 'एल' लावायचा. परवाना नसताना रस्त्यावर गाडी काढायची नाही. अपघात झाला तर विम्याचीही अडचण होते.

डायनाताईंसारखं अजिंक्यपद आपल्याला मिळवायचं नाही. त्यांना जशी २०१८ मध्ये गाडीत बसायची संधी मिळाली, तशी आपल्या दारातल्या गाडीवर आपल्याला मिळाली पाहिजे, एवढंच. घरच्यांशी बोला. सासूबाईंना आणि लेकीलाही सोबत घ्या. येत्या मासिक बैठकीत शिकायला तयार असलेल्यांची नावं आम्ही लिहून घेणार आहोत. तुमचं नाव द्या, आणि शेजारणीलाही सोबत आणा.