वयाचा मान, वजावटीचे भान

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयकर हा विषय व्याख्यानासाठी फारसा रुचकर नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही आज मी तो मुद्दाम निवडला. त्याला कारण झाली माझ्याकडे आलेली एक कापडी पिशवी. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एक विधवा भगिनी ती पिशवी घेऊन आल्या. त्यांचे वय 71. पतीच्या पश्चात मिळालेली सारी रक्कम त्यांनी एकाच बँकेत मुदत ठेवीत ठेवली होती आणि वर्षाला येणाऱ्या सुमारे 1 लाख 40 हजार रुपये व्याजावर त्यांचा संसार चालला होता. पिशवीत तीन वर्षांचे कागद होते. दरवर्षी व्याजातून 14 हजार रुपये कर म्हणून कापले गेले होते. तीन वर्षांचे मिळून 42 हजार!

मी विचारले, "ताई, तुम्ही बँकेत फॉर्म भरून दिला नाही का? विवरणपत्र भरून पैसे परत का मागितले नाहीत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सरकारने कापले, म्हणजे ते सरकारचेच असणार. आणि माझे उत्पन्न करपात्र नाही, मग मी विवरणपत्र कशाला भरू?"

मित्रहो, या भगिनीला एक रुपयाही कर लागत नव्हता. कायद्याने त्यांच्यावर अन्याय केला नव्हता. त्यांच्या वयाची दखल घेणारी तरतूद कायद्यात होती, पण ती मागावी लागते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आजचे माझे सांगणे एवढेच आहे: ज्येष्ठांच्या सवलती आपोआप पदरात पडत नाहीत. त्या माहीत असाव्या लागतात, वेळेत मागाव्या लागतात आणि दरवर्षी त्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

वयाची दखल कशासाठी?

उतारवयात मिळकत आटते आणि औषधपाण्याचा खर्च वाढतो. तरुण माणूस महागाईवर मात करण्यासाठी अधिक कष्ट करू शकतो. ज्याचे उत्पन्न ठेवीच्या व्याजावर बांधलेले आहे, त्याला तो मार्ग उरत नाही. ज्येष्ठांना मिळणारी वजावट म्हणजे दान नव्हे. करदात्याची खरी ऐपत मोजण्याची ती रीत आहे.

आपल्या करव्यवस्थेने हे तत्त्व दीर्घकाळ मान्य केले. 2005-06 या वर्षी सामान्य करदात्याची करमुक्त मर्यादा 1 लाख रुपये होती, तर 65 वर्षांवरील व्यक्तीची 1 लाख 85 हजार. 2011 च्या अर्थसंकल्पाने ज्येष्ठत्वाचे वय 65 वरून 60 वर आणले आणि 80 वर्षांवरील अतिज्येष्ठांचा वेगळा वर्ग करून त्यांना 5 लाखांची मर्यादा दिली. 2018 च्या अर्थसंकल्पाने ठेवींचे व्याज, आरोग्य विमा आणि गंभीर आजार या तिन्ही बाबतींत ज्येष्ठांच्या वजावटी वाढवल्या.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. अतिज्येष्ठांची 5 लाखांची मर्यादा 2011 पासून जागची हललेली नाही. ज्येष्ठांची 3 लाखांची मर्यादा 2014 पासून तशीच आहे. आणि 2020 मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत तर या मर्यादेपुरते वयाला स्थानच नाही. तेथे तीस वर्षांच्या तरुणाला आणि पंचाऐंशी वर्षांच्या आजोबांना एकच मर्यादा लागू होते. 2023-24 पासून हीच प्रणाली मूळ प्रणाली ठरली आहे. तुम्ही काहीच सांगितले नाही, तर तुमचा कर नव्या प्रणालीनेच मोजला जातो.

बहुतेकांसाठी शुभवार्ता

घाबरून जाण्याचे कारण नाही. आर्थिक वर्ष 2025-26 चे उदाहरण घेऊ. नव्या प्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही आणि एकूण करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असल्यास मिळणाऱ्या सुटीमुळे नेहमीच्या उत्पन्नावरील कर शून्यावर येतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास 75 हजारांची प्रमाणित वजावटही मिळते.

एखाद्या निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन 4 लाख 80 हजार आणि व्याज 3 लाख 20 हजार, असे एकूण 8 लाख उत्पन्न आहे असे समजू. 75 हजार वजा जाता उरतात 7 लाख 25 हजार. कर शून्य. पावत्या नकोत, पुरावे नकोत. अशा गृहस्थाने जुन्या प्रणालीच्या मागे धावण्याचे कारण नाही. मध्यमवर्गीय निवृत्तांपैकी बहुतेकांचे चित्र असेच असते.

जेथे वय पुन्हा मोलाचे ठरते

आता दुसरे उदाहरण. समजा, 82 वर्षांच्या एक आजी आहेत. ठेवींचे व्याज 4 लाख रुपये. यजमानांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी जुने दागिने विकले आणि त्यात 3 लाखांचा दीर्घकालीन भांडवली नफा झाला. दोघांचाही आरोग्य विमा नाही. रुग्णालयाचे पैसे आजींच्या खात्यातून धनादेशाने दिले गेले.

नव्या प्रणालीत व्याजाच्या 4 लाखांतच करमुक्त मर्यादा संपते. दागिन्यांच्या नफ्यावर साडेबारा टक्के दराने 37 हजार 500 रुपये कर लागतो. एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असूनही ती प्रसिद्ध सूट येथे उपयोगी पडत नाही, कारण विशेष दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्याला ती लागू नाही. 4 टक्के उपकर धरून आजींनी भरायचे 39 हजार.

आता जुनी प्रणाली पाहू. व्याजातून 50 हजारांची वजावट, वैद्यकीय खर्चाची 50 हजारांची वजावट. उरले 3 लाख. अतिज्येष्ठ म्हणून मर्यादा 5 लाखांची. मर्यादेतील उरलेले 2 लाख भांडवली नफ्यातून वजा होतात आणि कर लागतो फक्त 1 लाखावर. साडेबारा हजार आणि उपकर मिळून 13 हजार.

फरक 26 हजारांचा! ज्या घरात शस्त्रक्रियेसाठी दागिने विकावे लागले, त्या घरात 26 हजारांचे मोल काय, हे मी सांगायला नको.

यातली अट नीट लक्षात घ्या. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या करदात्याला जुनी की नवी, ही निवड दरवर्षी करता येते. पण जुनी हवी असेल तर विवरणपत्र विहित मुदतीत भरले पाहिजे. ही मुदत सर्वसाधारणपणे 31 जुलैची असते. ती चुकली तर जुन्या प्रणालीचे दार त्या वर्षापुरते बंद होते. आजींच्या घरी कोणी म्हणाले, "भरू सावकाश," तर त्या सावकाशीची किंमत 26 हजार रुपये.

जुन्या प्रणालीतील तीन वजावटी

पहिली व्याजाची. 60 वर्षे पूर्ण झालेल्यांना बँक, सहकारी बँक आणि टपाल कार्यालयातील ठेवींच्या व्याजावर 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. यात बचत खाते, मुदत ठेव आणि आवर्ती ठेव या तिन्हींचे व्याज येते. कंपन्यांकडील ठेवींचे व्याज मात्र यात बसत नाही.

दुसरी आरोग्याची. ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी 50 हजारांपर्यंत वजावट आहे. ज्यांचा विमाच नाही, अशा ज्येष्ठांच्या प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चालाही याच मर्यादेत ती मिळते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उतारवयात विमा नाकारला गेलेल्यांसाठी ही तरतूद मोठा आधार आहे. अट एकच: पैसे रोखीने दिलेले नसावेत. केवळ प्रतिबंधक तपासणीचे 5 हजारांपर्यंतचे पैसे रोखीने चालतात. औषधाच्या दुकानात नोटा मोजण्याऐवजी कार्डाने वा धनादेशाने पैसे द्या आणि बिल जपा.

तिसरी गंभीर आजारांची. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, कंपवात, स्मृतिभ्रंश अशा ठरावीक आजारांच्या उपचारांसाठी रुग्ण ज्येष्ठ असल्यास 1 लाखापर्यंत वजावट आहे. मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांत अपंगत्व किमान 40 टक्के असावे लागते. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक आहे आणि विम्यातून मिळालेली रक्कम यातून वजा होते.

वयाची मोजणीही समजून घ्या. वर्षभरात केव्हाही 60 पूर्ण झाली, तरी त्या संपूर्ण वर्षासाठी तुम्ही ज्येष्ठ ठरता. ज्यांचा जन्म 1 एप्रिलचा, त्यांचे वय आदल्या दिवशी, म्हणजे 31 मार्चलाच पूर्ण झाले असे मानावे, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2016 मध्ये केला आहे.

प्रणाली कोणतीही असो

काही सोयी दोन्ही प्रणालींत आहेत. एप्रिल 2025 पासून एका बँकेतील ज्येष्ठांचे वार्षिक व्याज 1 लाखापर्यंत असेल, तर त्यातून कर कापला जात नाही. पूर्वी ही मर्यादा 50 हजार होती. व्याज त्याहून अधिक असले आणि वर्षाचा कर शून्य येणार असला, तर आपण ज्याला 15एच म्हणून ओळखत आलो ते घोषणापत्र प्रत्येक बँकेत, दरवर्षी, एप्रिलमध्येच द्यावे. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ करही भरावा लागत नाही. 75 वर्षे पूर्ण झालेल्या ज्यांचे उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतील व्याज एवढेच आहे, त्यांनी विहित बँकेत घोषणापत्र दिल्यास बँकच कर मोजून भरते. त्यांना विवरणपत्र भरावे लागत नाही.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा आयकर कायदा आला आहे. कलमांचे जुने क्रमांक बदलले, म्हणून मी आज क्रमांकांऐवजी तरतुदींची नावेच सांगितली.

मुलांनो, तुमच्यासाठीही

सभेत काही तरुण चेहरे दिसतात. त्यांना एक सांगणे. जुनी प्रणाली निवडणाऱ्या मुलाने वा मुलीने आपल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याचा हप्ता भरला, तर स्वतःच्या कुटुंबाच्या वजावटीखेरीज आणखी 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. आईवडील आर्थिकदृष्ट्या अवलंबून असण्याची अट नाही. सासू-सासऱ्यांचा हप्ता मात्र जावई वा सुनेला वजा करता येत नाही. तेव्हा पैसे कोणाच्या खात्यातून द्यायचे, हे घरात बसून आधी ठरवा. मुलाने नवी प्रणाली निवडली असेल आणि वडिलांना जुनी लाभदायक असेल, तर हप्ता वडिलांच्याच खात्यातून जावा.

एक संकल्प

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यभर बँकेत, शाळेत, कचेऱ्यांत हिशेब सांभाळले. ते कौशल्य निवृत्तीबरोबर निवृत्त का व्हावे? प्रत्येक वस्तीतील दोन जाणकारांनी वर्षातून दोनदा आठवडाभर संध्याकाळचा एक तास द्यावा. एप्रिलमध्ये घोषणापत्रे भरून घ्यावीत आणि जुलैच्या प्रारंभी दोन्ही प्रणालींचा हिशेब शेजारी शेजारी मांडून दाखवावा. गुंतागुंत दिसली तर करसल्लागाराकडे पाठवावे. कोणाचाही परवलीचा शब्द वा मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र मागू नये आणि कोणी मागितल्यास देऊ नये, हेही त्याच वेळी शिकवावे.

त्या भगिनीचे काय झाले? मुदत न संपलेल्या वर्षाचे विवरणपत्र आम्ही भरले आणि 14 हजार परत आले. मागील दोन वर्षांसाठी विलंब माफ करण्याचा अर्ज करण्याचा मार्ग मी त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तेवढी धावपळ आता होत नाही. पण माझ्या मजल्यावर आणखी दोघी आहेत. त्यांना आधी सांगून येते."

त्यांचे 28 हजार तसेच राहिले. पण त्या दोघींचा पैसा त्या वर्षी कापला गेला नाही. आपल्या मजल्यावर कोण आहे, याचा शोध आपण प्रत्येकाने आज घरी जाताना घ्यावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.