कानाने वाचणारी मुले

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते. समितीने आम्हाला शिक्षणावर बोला असे सांगितले. शिक्षणावर या सभागृहात पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ते बोलायला आमच्यापेक्षा मोठी माणसे येऊन गेली आहेत. तेव्हा आम्ही एकच प्रश्न घेऊन उभे आहोत. ज्या मुलाला सगळं समजतं पण वाचता येत नाही, त्या मुलाचं काय करायचं?

असा मुलगा किंवा मुलगी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. गोष्ट सांगितली तर बारीकसारीक तपशिलासह परत सांगेल. दुकानातला हिशेब तोंडी करेल. पण सहावीचं पुस्तक पुढे ठेवलं की घाम फुटतो. 'घर' आहे तिथे 'धर' वाचतो, 'भात'चा 'मात' करतो. वरच्या ओळीत कसाबसा वाचलेला शब्द खालच्या ओळीत पुन्हा आला की नव्याने अडतो. शाळेतून निरोप येतो, "हुशार आहे, पण लक्ष नाही." घरी मार बसतो. आणि आठवी-नववीत कधीतरी दप्तर कोपऱ्यात पडतं ते कायमचं. मग आपण म्हणतो, जाऊ द्या, त्याला डोकंच नव्हतं.

डोकं असतं. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. डोळ्यांचा हा दोष नव्हे आणि मंदबुद्धीही नव्हे. अक्षर पाहिलं की त्याचा आवाज चटकन मनात उमटायला हवा, तो जोड मेंदूत सहजपणे होत नाही. तुम्ही-आम्ही शब्द एका नजरेत उचलतो; हे मूल प्रत्येक शब्द दगड फोडावा तसा फोडतं. ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते निसटलेलं असतं. ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. मुलाला मारणाऱ्या बापाने आपलं स्वतःचं चौथीचं वर्ष एकदा आठवून बघावं, एवढंच आम्ही म्हणू.

सन १८९६ मध्ये इंग्लंडातील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली. मुलगा तल्लख, गणितात बरा, पण वाचन शून्य. त्याच्या मास्तरांचं मत असं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. बंधूंनो, या एका वाक्यासाठी आम्ही ही हकिकत सांगितली. त्या काळी त्या मास्तरांच्या हातात काही नव्हतं. पुस्तक बोलत नव्हतं. आज ते बोलतं, आणि बोलायला लावणारं यंत्र तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे.

आपल्या देवनागरीत या मुलांना कुठे ठेच लागते ते आधी पाहू. आपण म्हणतो, मराठी जशी बोलतो तशी लिहितो. बऱ्याच अंशी खरं आहे, आणि इंग्रजी स्पेलिंगपेक्षा हे सोपं पडतं यातही शंका नाही. पण 'कि' हा एक अक्षरसमूह घ्या. वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. 'र' घ्या. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी, 'ट्रक'मध्ये खाली वेगळ्याच आकारात आणि 'सुऱ्या'मध्ये आणखी निराळा. अक्षर एक, वेष चार! त्यातून 'ध-घ', 'भ-म', 'थ-य', 'प-ष' ही जुळ्या भावंडांसारखी अक्षरं. शिवाय इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाला दोन लिप्यांशी एकाच वेळी झुंजावं लागतं.

आता यंत्राकडे वळू. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडून अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये गेलात की 'सिलेक्ट टू स्पीक' नावाची सोय सापडते. ती चालू केली आणि मराठी आवाज उतरवून घेतला की पडद्यावरचा मजकूर फोन वाचून दाखवतो. आवाजाची गती कमी करता येते, आणि सुरुवातीला ती कमीच ठेवावी. छापील पुस्तक असेल तर गुगल लेन्सने पानाचा फोटो काढावा. फोटोतली अक्षरं ते ओळखतं, मग ती ऐकता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, ती मोठी करून पाहता येतात. मात्र एक खबरदारी. काही मराठी पीडीएफ अशा फाँटमध्ये असतात की फोन त्या वाचताना भलतंच बडबडतो. तसं झालं तर फोन बिघडला असं समजू नका, त्याच पानाचा फोटो काढून वाचायला लावा. गणिताची उदाहरणं, तक्ते आणि दोन रकान्यांची पानं हे यंत्र नीट वाचत नाही, तिथे माणूस लागतोच.

ऐकताना मुलाची नजर पुस्तकावर हवी आणि बोट शब्दाखाली. नुसतं कानात घालून पडून राहिला तर धडा समजेल, पण अक्षराची ओळख वाढणार नाही.

लिहिण्याचंही तसंच. सन २०१७ मध्ये गुगलने बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आणली. ज्या मुलाला उत्तर तोंडपाठ आहे पण वहीत उतरत नाही, त्याने ते फोनला सांगावं, उमटलेलं ऐकावं, सुधारावं आणि मग वहीत लिहावं. गंमत अशी की आपल्या मुलांची बोली या यंत्राला नेहमी कळतेच असं नाही. पोरगं 'गेल्तो' म्हणतं आणि यंत्र काहीतरी तिसरंच लिहितं. त्यावर मुलाला हसू नका. बोली हा आजार नाही, आणि बोलीत लिहिणं म्हणजे डिस्लेक्सियाही नव्हे.

येथे आम्हाला नेहमी एक आक्षेप ऐकू येतो. "मशीन वाचून देणार, मग पोरगा शिकला काय?" आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. आपल्या समाजात 'वाचता येत नाही' हे शब्द फार जड आहेत. आपल्या आजा-पणज्यांना वाचू दिलं गेलं नव्हतं. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधलं, हे ऐकत आपण वाढलो. त्यामुळे घरातलं मूल वाचेना म्हटलं की आपल्याला तो वंशाचा अपमान वाटतो, आणि सगळा राग त्या लेकरावर निघतो.

पण जरा विचार करा. बुद्धवचन शतकानुशतके भिक्खूंनी कानाने ऐकून आणि मुखाने म्हणून जपलं. ते ग्रंथरूपाने लिहिलं गेलं सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. विद्वान माणसाला आपली परंपरा 'बहुश्रुत' म्हणते, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलं आहे तो. तेव्हा ऐकून शिकणं ही चोरवाट कशी होईल? चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण कॉपी करतो म्हणत नाही.

याचा अर्थ वाचायला शिकवणं सोडून द्यायचं असा मात्र कोणी घेऊ नये. यंत्राने डिस्लेक्सिया जात नाही. इतिहास, विज्ञान मागे पडू नये म्हणून यंत्र; आणि अक्षर-आवाजाची जोडणी पक्की व्हावी म्हणून रोज थोडा वेळ, न ओरडता, वाळूत किंवा ताटातल्या पिठावर बोटाने अक्षर गिरवत, तोंडाने त्याचा उच्चार करत सराव. दोन्ही हवं. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर सरकवली तर ओळ सुटत नाही. ही पट्टी आम्ही लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून करतो, खर्च शून्य.

खर्चाचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलतो. रंगीत काचांचे चष्मे विकणारे तुम्हाला भेटतील. त्यांचा या मुलांना उपयोग होतो याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच सांगितलं आहे. डिस्लेक्सियासाठी म्हणून खास बनवलेले फाँट रोमन अक्षरांचे आहेत, आणि त्यांनीही वाचन सुधारतं असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. अक्षरांतली जागा वाढवल्याचा फायदा मात्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इटली व फ्रान्समधल्या मुलांच्या अभ्यासात दिसला होता. तेव्हा कर्ज काढून काहीही आणू नका. झेरॉक्सवाल्याकडून पान मोठं करून घ्या.

आणि वाचत नाही ते प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. आधी डोळे तपासा, कान तपासा. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा ज्यांची पहिली-दुसरी बुडाली, त्यांना कोणी नीट शिकवलंच नव्हतं. त्यांना शिकवणी हवी, तपासणी नव्हे. शंका उरली तर शासकीय रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'डाली' नावाच्या चाचण्या २०१५ पासून मराठीतही आहेत. इंग्रजीत चाचणी घेऊन मराठी मुलावर शिक्का मारू देऊ नका.

प्रमाणपत्राला घाबरू नका, तो कलंक नाही. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारा माणूस, अशा त्या सवलती आहेत. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' चित्रपट आला आणि हा शब्द घराघरांत पोचला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मात्र डिस्लेक्सियाचा समावेशच नव्हता. तो २०१६ च्या कायद्याने झाला. आता तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. अर्ज दहावीच्या फेब्रुवारीत करून चालत नाही, आठवीतच हालचाल करा. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. त्यात अंधांबरोबर या मुलांनाही सभासद होता येतं.

शेवटी आमच्या कामाची गोष्ट. फोनचा आवाज कितीही सुधारला तरी तो कवितेत ठेचकाळतो. म्हणून आम्ही ठरवलं आहे की सातवी ते दहावीचे मराठी आणि इतिहासाचे धडे आपल्याच कॉलेजच्या मुलामुलींनी आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचे. अपंगांना वाचता यावं म्हणून अशी ध्वनिप्रत करायला कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने परवानगी दिलेली आहे. ती विकायची मात्र नाही. एक धडा, एक फाइल, सुरुवातीला पान क्रमांक सांगायचा आणि पान उलटताना "पान उलटा" म्हणायचं. पंखा बंद करून, शक्यतो सकाळी लवकर, कारण नंतर आपल्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाल्याची हाळी त्यात येते. पहिला धडा झाला तेव्हा तीही आली होती, आणि ऐकणाऱ्या मुलाने तीच फाइल ठेवा म्हणून हट्ट धरला!

आवाज स्पष्ट असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे. ज्यांच्या घरी जुना, पण चालणारा फोन पडून आहे त्यांनी तो चार्जरसह आणून द्यावा. आणि ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी त्यालाच घेऊन यावे, प्रगतिपुस्तक आणण्याची गरज नाही.