नेमणूकपत्राचं चौथं पान

श्रोत्यांचं पत्र कोल्हापूरहून येवो नाहीतर परभणीहून, प्रश्न तोच असतो. जाहिरातसंस्थेत, मालिकांच्या लेखनविभागात किंवा दैनिकात मनासारखी नोकरी मिळते आहे. पण निम्मी झालेली कादंबरी आणि वहीतल्या कविता, त्यांचं काय?

दोन्ही सांभाळणारे लेखक मराठीत पुष्कळ होऊन गेले. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम करत होते आणि कथाही लिहीत होते. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करत असतानाच ‘ललित’मधून ठणठणपाळ या नावानं लिहीत. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात चित्रकार म्हणून मुरलेले. त्यांच्या ‘जेजुरी’ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळालं.

तेव्हा वेळेबद्दल एवढंच: स्वतःच्या लेखनाची वेळ ठरलेली असावी, अर्धा तास का असेना.

खरी काळजी वेगळी आहे. नव्या उमेदीचे लेखक नेमणूकपत्र न वाचता सही करतात.

१९५७चा कॉपीराइट कायदा याबाबत स्पष्ट आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. वृत्तपत्रं आणि नियतकालिकांपुरता नियम थोडा सौम्य आहे. तिथे नोकरीत लिहिलेला मजकूर नियतकालिकांत छापण्याचा हक्क मालकाचा. बाकीचे हक्क, उदाहरणार्थ त्या लेखांचं पुस्तक काढण्याचा, लेखकाकडे राहतात. पण दोन्हीकडे ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द आहेत, आणि नेमणूकपत्र हाच तो करार असू शकतो.

समजा, साताऱ्याच्या एका मुलीला मुंबईत कॉपीरायटरची नोकरी लागली. पहिल्या पानावर पगार, दुसऱ्यावर रजा. चौथ्या पानावर बारीक टायपात एक कलम: सेवाकाळात कर्मचाऱ्यानं निर्माण केलेलं सर्व लेखन आणि सर्व कल्पना कंपनीच्या मालकीच्या राहतील. ‘सर्व’ हा शब्द इथे दोनदा आहे. रात्री अकरानंतर स्वतःच्या वहीत लिहिलेली एकांकिका एरवी निःसंशय तिची; या कलमानंतर तिच्यावरून वाद उभा राहू शकतो.

अहो, विजेचं बिल दोनदा तपासता ना? भाजी घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस करता. आणि सहा वर्षं पोटाशी धरलेल्या कादंबरीचे हक्क एका सहीत सोडून देता? ‘विचारलं तर नोकरी जाईल’ असं लिहितात मुलं. अरे बाळांनो, नम्रपणे विचारा तर खरं!

विचारायचं ते सोपं आहे. ‘सर्व लेखन’ याऐवजी ‘नेमून दिलेल्या कामासाठी केलेलं लेखन’ असे शब्द घालून मागावेत. आधीच्या आणि चालू लेखनाची नावं व तारखा लिहून ती यादी करारासोबत जोडावी, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. स्वतःचं लेखन ऑफिसच्या लॅपटॉपवर करू नये. पटकथा लिहिणाऱ्यांनी ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ठेवावी.

नोकरीबाहेर सुटी कामं घेणाऱ्यांनीही हीच सावधगिरी बाळगावी. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कागदावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे शब्द दिसले, की पेन खाली ठेवून मानधनाचा आकडा पुन्हा बघावा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर निदान दोन दिवसांची मुदत मागावी आणि तो कागद घरी आणावा. जेवणं झाल्यावर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून तो मोठ्यानं वाचावा, चौथ्या पानासकट. ‘सर्व’ हा शब्द येईल तिथे पेन्सिलीनं खूण करावी आणि सोमवारी त्या खुणांसह परत न्यावा.