पडद्यावरील रेंगाळती छाया

लॅपटॉपवर एखादा लांबलचक मराठी मजकूर उघडावा आणि तो भराभर वर सरकवावा. स्थिर असताना जी अक्षरे रेखीव दिसत होती, ती हलू लागताच अंधुक होतात. शिरोरेखेच्या मागे करडा पट्टा ओढला जातो. मात्रा आणि अनुस्वार तर दिसेनासेच होतात. मजकूर थांबला की सारे पूर्ववत्. पुष्कळांना हा आपल्या दृष्टीचा दोष वाटतो आणि ते चष्म्याचा नंबर तपासून घेतात. वास्तविक हा दोष बव्हंशी पडद्याचा असतो. इंग्रजीत ह्या प्रकाराला ‘घोस्टिंग’ म्हणतात. भुतासारखी एक फिकट छाया वस्तूच्या मागोमाग फिरत राहते, म्हणून हे नाव.

मुलाच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घ्यावयास निघालेल्या गृहस्थाला ह्या दोषावर दुकानात एकच औषध सुचविले जाते: पडद्यामागचा दिवा नव्या पद्धतीचा असलेला, अर्थातच अधिक किमतीचा, लॅपटॉप घ्यावा. हे औषध कितपत गुणकारी आहे हे ठरवावयाचे, तर पडद्याची अंतर्रचना पाहणे अवश्य आहे.

1888 साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनिट्झर ह्यांना एक विलक्षण पदार्थ आढळला. सुमारे 145 अंश तपमानाला तो वितळून गढूळ द्रव बने आणि सुमारे 178 अंशांना तो द्रव एकाएकी स्वच्छ होई. द्रवाप्रमाणे वाहणारे, परंतु स्फटिकाप्रमाणे शिस्तीने रांग धरणारे असे हे पदार्थ पुढे ‘द्रवस्फटिक’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. लॅपटॉपच्या बहुतेक पडद्यांत दोन काचांमध्ये ह्या द्रवस्फटिकाचा अवघा तीन-चार सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर असतो. तो स्वतः प्रकाश देत नाही. प्रकाश मागच्या दिव्याचा असतो. विजेचा दाब मिळताच द्रवस्फटिकाचे रेणू वळतात आणि खिडकीच्या झडपेप्रमाणे तो प्रकाश कमीअधिक प्रमाणात पुढे सोडतात. दिवा मागे आणि झडप पुढे, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सारा उलगडा सोपा होतो.

ही झडप क्षणात हलत नाही. विजेचा दाब रेणूंना जोराने वळवितो. परंतु दाब काढून घेतल्यावर ते परत जागेवर येतात, ते केवळ आपल्या अंगच्या लवचिकपणाने. त्याला अधिक वेळ लागतो. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे येत असतील, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. साध्या लॅपटॉपांच्या कित्येक पडद्यांत मात्र करड्याची एक छटा जाऊन दुसरी पुरती उमटावयास तीस मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. म्हणजे जुने चित्र पुरते पुसले जाण्यापूर्वीच त्यावर नवे येऊन ठेपते. रेंगाळती छाया ती हीच. थंडीत द्रवस्फटिक घट्टसर होतो आणि त्याची चाल आणखी मंदावते. ग्वाल्हेरीस पौष महिन्याच्या पहाटे गारठलेल्या खोलीत उघडलेला लॅपटॉप प्रारंभी अधिक छाया दाखवितो आणि तासाभराने सुधारतो, ह्याचे कारण एवढेच.

ही मंदगती झाकण्याकरिता कारखानदार रेणूंना क्षणभर गरजेपेक्षा अधिक दाब देतात. बैलाला पराणी टोचावी तसा हा प्रकार होय. बैल चालू लागतो खरा. पण पराणी अधिक लागली तर तो मुक्कामाच्या पुढेही निघून जातो. तसेच येथे काळ्या छायेऐवजी वस्तूमागे एक उजळ, उलटी छाया उमटते. खोक्यावर छापलेला ‘3 मिलिसेकंद’ हा आकडा अनेकदा असा दाब देऊन, अनुकूल अशा दोन छटा निवडून मोजलेला असतो. शिवाय ह्या मोजणीत बदलाचा पहिला व शेवटचा दहावा हिस्सा सोडून देण्याची प्रथा आहे.

झडपेचा विचार झाला, आता दिव्याचा. पूर्वीच्या लॅपटॉपांत पाऱ्याची वाफ भरलेली बारीक प्रकाशनळी असे. 2010 च्या सुमारास तिची जागा पांढऱ्या एलईडी दिव्यांनी घेतली. नळीच्या आतील लेपाचा प्रकाश विझताना थोडा मागे रेंगाळे. एलईडी मात्र तत्काळ पेटतो व तत्काळ विझतो. प्रकाश मंद करावयाचा झाल्यास काही लॅपटॉप हा दिवा सेकंदाला शेकडो वेळा उघडमीट करतात. अशा वेळी हलत्या बाणाच्या मागे अखंड पट्टा न दिसता त्याच्या तीन-चार सुट्या प्रतिमा दिसतात. ही छाया झडपेची नव्हे, दिव्याची होय. आणि दिव्याचे तेज पूर्ण ठेवले की ती बहुधा नाहीशी होते.

अधिक रंगतदार चित्रासाठी काही दिव्यांत निळ्या एलईडीवर तांबडा प्रकाश देणारा एक विशिष्ट लेप वापरतात. त्याचा तांबडा प्रकाश विझावयास काही मिलिसेकंद घेतो. दिवा अखंड जळत असेल तर ह्याने काही बिघडत नाही. परंतु चित्र स्पष्ट व्हावे म्हणून दिवा मुद्दाम उघडमीट करणाऱ्या पडद्यांत वस्तूच्या कडेला तांबूस झाक उरते.

हल्ली ‘मिनी एलईडी’ची ख्याती फार आहे. त्यात पडद्यामागे हजारो चिमुकले दिवे गटागटाने मांडलेले असतात आणि काळोख्या भागातील दिवे मंद करता येतात. त्यामुळे काळा रंग खरोखरच काळा दिसतो. हा लाभ मोठा आहे. परंतु तो झडपेचा वेग वाढवीत नाही. 2021 साली ॲपल कंपनीने 14 व 16 इंची लॅपटॉपांत असे दिवे आणि सेकंदाला 120 चित्रे देणारा पडदा बसविला. एका चित्राच्या वाट्याला तेथे 8.3 मिलिसेकंदच येतात. स्वतंत्र परीक्षकांच्या मोजणीत मात्र त्याच्या द्रवस्फटिकाला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो असे दिसून आले. दिवा उत्तम असूनही छाया राहिली, ती ह्यामुळे.

ओएलईडी पडद्यात दिवा आणि झडप हा भेदच नाही. प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असून एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात बदलतो. तेथे रेंगाळती छाया जवळजवळ नसते. तरीही अंधुकपणा अगदीच संपत नाही, कारण त्यात डोळ्याचाही वाटा आहे. डोळा हलत्या वस्तूचा अखंड पाठलाग करतो, चित्र मात्र पुढचे येईपर्यंत जागीच उभे असते. सेकंदाला 960 बिंदू इतक्या वेगाने सरकणारे अक्षर 60 चित्रांच्या पडद्यावर दृष्टिपटलावर 16 बिंदूंइतके फासले जाते आणि 120 चित्रांच्या पडद्यावर 8 बिंदूंइतके. ह्यावर उपाय चित्रांची संख्या वाढविणे, नाहीतर दिवा प्रत्येक चित्रामागे क्षणभरच पेटविणे. दुसऱ्या उपायात तेज घटते.

तेव्हा ग्राहकाने दिव्याचे नाव ऐकून भुलू नये. दुकानातच दोन परीक्षा सहज होतात. करड्या पार्श्वभूमीवरील मजकूर सरकवून पाहावा. मागे सलग पट्टा दिसल्यास दोष झडपेचा किंवा चित्रांच्या अपुऱ्या संख्येचा. मग तेज कमी करून पांढऱ्या पडद्यापुढे एक पेन्सिल जलद हलवावी. तिची सलग पुसट पट्टी दिसली तर दिवा स्थिर आहे. पंख्याच्या पात्यांसारख्या अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो उघडमीट करतो आहे. ज्याचे काम लेखनाचे व हिशेबाचे आहे, त्याने ह्या छायेपायी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. ज्याला चलच्चित्रांचे संपादन करावयाचे आहे किंवा वेगवान खेळ खेळावयाचे आहेत, त्याने मात्र दिव्याबरोबरच झडपेची चौकशी करावी आणि खोक्यावरील आकड्यापेक्षा आपल्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवावा. ज्या डोळ्यांना पूर्वी विनाकारण दोष दिला गेला, तेच येथे सर्वांत भरवशाचे परीक्षक ठरतात.