उन्हाळ्यांचे पाणी
(नौपाडा, ठाणे येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पुष्कळ वर्षांपूर्वी वज्रेश्वरीच्या सहलीत इयत्ता चौथीतील एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, हे पाणी कोण तापवते?" "खाली ज्वालामुखी आहे," असे तत्काळ सांगून मी मोकळा झालो. ते उत्तर चुकीचे होते. त्या वर्गातील मुले ते घेऊनच मोठी झाली, याची खंत मला अद्याप आहे. म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला.

अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी ही आपल्या भिवंडी तालुक्यातील, तानसेच्या परिसरातील उन्हाळी. अशा झऱ्यांची रांग पालघर जिल्ह्यातील सातिवलीकडून थेट राजापुरापर्यंत कोकणात पसरली आहे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही गावांची नावेच त्याची साक्ष देतात. परंतु येथे जागृत ज्वालामुखी कोठेही नाही. ज्या लाव्हारसापासून आपला काळा पाषाण झाला, तो सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच निवाला. मग ही उष्णता कोठली? भूगर्भात खाली जावे तसे दर किलोमीटरमागे तापमान साधारणतः 25 ते 30 अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथे तापते आणि अन्य भेगांवाटे वर येते.

तापलेले पाणी खाली स्वस्थ बसत नाही. ते खडकातील क्षार व सिलिका विरघळवून घेते. पाणी जितके तप्त, तितकी सिलिका अधिक. आणि वर येताना पाणी निवाले तरी ती सारी लगेच बाहेर पडत नाही. म्हणून झऱ्यातील सिलिका मोजून शास्त्रज्ञ खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधतात. कुंडात हात घालून कळते ती केवळ वरची ऊब!

पाणी खडकाकडून घेते, तसे त्याला परतही देते. लाव्हारस निवताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. त्यांत खनिजयुक्त उष्ण पाणी झिरपून स्टिल्बाइटसारखे झिओलाइट स्फटिक वाढले. तापविताच हे खनिज पाणी सोडून फसफसते, म्हणून क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1756 साली त्याला 'उकळता दगड' या अर्थाचे हे नाव दिले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावेत.

पाण्याचा दाब मात्र भीषणही ठरतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. जलाशयाचा भार आणि भेगांतून खोल पोचलेला पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेला खडक सरकला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्याच्याच अभ्यासासाठी त्या परिसरात सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आहे.

आता वर्गात करावयाचा एक प्रयोग सांगतो. गणेशपुरीचे एक पेलाभर पाणी व शाळेच्या नळाचे तितकेच पाणी दोन सारख्या ताटल्यांत ओतून उन्हात ठेवावे. पाणी पूर्ण आटल्यावर दोन्ही ताटल्या मुलांच्या हाती द्याव्यात आणि कोणत्या ताटलीत पांढरा थर अधिक राहिला, तो कोठून आला, हे त्यांनाच विचारावे.