उवांचा प्रश्न : लाज नको, नियमित उपाय हवा



उवा हा विषय सभेत बोलण्याजोगा नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु डोके खाजविणाऱ्या मुलीला वर्गात वेगळे बसविले जाते, तिचे केस कातरले जातात आणि हळूहळू ती शाळेत येईनाशी होते, तेव्हा हा प्रश्न आरोग्याइतकाच शिक्षणाचाही होतो.

बारामती व इंदापूर हा नीरा डाव्या कालव्याचा, उसाचा मुलूख. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येथे येऊन राहतात. कोपीत सारी भावंडे एका अंथरुणावर निजतात. आई पहाटेच फडावर जाते. मुलीच्या केसांतून फणी फिरवायला तिला सवड कोठून मिळणार? तथापि दोष या कुटुंबांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उवा बंगल्यातील मुलांनाही होतात.

ऊ उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्याला डोके लागले म्हणजे ती दुसऱ्या डोक्यात जाते. डोक्यावरून खाली पडल्यास एक-दोन दिवसांत मरते. डोक्यातील उवांमुळे रोगाची साथ पसरत नाही. खाजवून झालेल्या जखमा मात्र चिघळू शकतात. तेव्हा मुलाला शाळेतून घरी धाडण्याचे कारण नाही.

लीख सुमारे सात ते दहा दिवसांत फुटते. म्हणूनच एका दिवसाचा उपाय वाया जातो. केस ओले करून बारीक दातांच्या फणीने दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे विंचरावे. आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने एक टक्का पर्मेथ्रिनचे औषध लावल्यास ते सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत. रॉकेल वा पिकांवरील कीटकनाशक केसांना कदापि लावू नये. चुलीशेजारी वावरणाऱ्या मुलीच्या ते जिवावर बेतू शकते.

शिक्षकांनी तपासणी आडोशाला, कोणाचेही नाव न पुकारता करावी. आशा सेविकांनी तोडणीच्या अड्ड्यावर सायंकाळी, आया परतल्यावर जावे. ग्रामपंचायतीने फण्या व पाणी पुरवावे. खर्च थोडा आहे, सातत्य हवे. हंगाम संपून ही मुले गावी परततील, तेव्हा शाळेची धास्ती नव्हे, गोडी घेऊन परतावीत, एवढीच विनंती.