भिंत पडल्यावर नव्हे, उभी राहतानाच तपासू या

(किल्लारी येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातलं शिक्षण आणि त्यावरची सरकारी देखरेख हा आजचा विषय तुमच्यापैकी काहीजणींना लांबचा वाटेल. आपला त्याच्याशी काय संबंध? पण आपल्या गावोगावच्या मुली लातूरला खोली घेऊन राहतात, क्लास लावतात, 'नीट' देतात. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकतं, खाजगीची फी ऐकूनच बाप गप्प होतो. नेमक्या अशा वेळी एजंटाचा कागद हातात पडतो. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपाईन्स. कमी पैशात डॉक्टर. मग जमिनीचा तुकडा निघतो, सोनं मोडलं जातं. सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचितच असतं, पण कर्जाच्या कागदावर तिची सही मात्र लागते.

आमच्याकडे आलेल्या एका आईची हकिकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. मुलगी २०२२ मध्ये गेली. दोन वर्षांनी एजंटाने तिला दुसऱ्या कॉलेजात हलवलं, 'तिथे फी कमी आहे' म्हणून. घरच्यांना ते सोयीचंच वाटलं. पण १८ नोव्हेंबर २०२१ पासूनचा आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा नियम असा, की सगळं शिक्षण आणि तिथली इंटर्नशिप एकाच संस्थेत झाली पाहिजे. आता ती पदवी इथे धरली जाईल का, या घोरात ते घर आहे. आणि शिक्षा कुणाला? धाकट्या बहिणीला. 'एकीवर घातलेला पैसा बुडाला, आता दुसरीला कशाला शिकवायचं?' असं म्हणून तिचं कॉलेज बंद केलं. फसवलं एजंटाने, दोष आला मुलीच्या जातीवर.

मग सरकार काय करतं? सरकारची देखरेख आहे, पण ती कुठे आहे ते बघा. 'नीट' पास झाल्याशिवाय बाहेर शिकून आलेल्यांना इथे डॉक्टरकी करता येत नाही. २००२ पासून परत आल्यावर चाळणी परीक्षा आहे. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर यावे लागतात. जून २०२४ च्या परीक्षेत शंभरातले साधारण एकवीसजण पास झाले. परीक्षा असावीच. उद्या आपल्याच लेकराला तपासणारा डॉक्टर शिकलेला हवा. माझं म्हणणं एवढंच, की ही तपासणी सगळा पैसा आणि मुलीची सहा वर्षं खर्च झाल्यावर होते. वैद्यक आयोग परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देत नाही. तो नियम सांगतो. कॉलेज त्यात बसतं की नाही ते पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर. म्हणजे अठरा वर्षांच्या पोरीवर, आणि कधी इंग्रजी कागद न वाचलेल्या तिच्या आईवर!

एजंटाचं काय? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्यांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी सक्तीची केली. शिक्षणाला पाठवणारे त्या कायद्यात आले नाहीत. पंजाबने २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा करून अशा सल्लागारांनाही परवान्याखाली आणलं. ऑस्ट्रेलियाने २००० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठीच कायदा केला. तिथे नोंद नसलेल्या संस्थेला बाहेरचे विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि कॉलेज मध्येच बंद पडलं तर दुसरीकडे जागा किंवा उरलेली फी परत मिळण्याची सोय आहे. सरकारने मनावर घेतलं तर देखरेख आधीच्या टप्प्यावर करता येते, असा याचा अर्थ.

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणावे लागले. त्यात बहुतेक वैद्यकीय विद्यार्थी होते. हावेरी जिल्ह्यातला एक मुलगा खार्किवमध्ये मारला गेला. इतकी मुलं तिथे का गेली, हा प्रश्न देशाला तेव्हा पडला. आपल्याला तो आधी पडायला हवा.

बायांनो, देखरेख ही आपल्याला नवी गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत घरांच्या दुरुस्तीचं काम निघालं. त्यात गावच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. मी तेव्हा लहान होते, हे मोठ्या कार्यकर्त्यांकडून ऐकलंय. न शिकलेल्या बायांनी भिंत कशी बांधायची ते समजून घेतलं, सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारलं, कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ता कसा मिळतो ते घरोघर सांगितलं. भिंत पडल्यावर चौकशी करण्यापेक्षा ती उभी राहतानाच तपासावी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तीच रीत इथे लावू या. पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारायचे :

एक, या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकासारखाच डॉक्टरकीचा परवाना मिळतो का?

दोन, शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि वर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का? शिकवणं इंग्रजीतून आहे का?

तीन, फी कॉलेजच्या खात्यात जाते की एजंटाच्या? वर्षावर्षाला भरता येते की एकदम मागतात? पावती कुणाच्या नावाची?

चार, तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशी एजंट समोर नसताना आपण बोललो का? वसतिगृह, जेवण, आजारपण, रात्रीचं येणं-जाणं, सगळं त्यांनाच विचारा.

पाच, इथलं सगळं पाहून झालं का? जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही सवलत राज्यातल्या प्रवेशांना आहे, बाहेर गेल्यावर नाही.

उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. एजंट कागद देत नसेल तर तेच उत्तर समजा.

सरकारकडेही मागायचं आहे. शिक्षणाच्या एजंटांची जिल्ह्यात नोंदणी आणि अनामत सक्तीची करा. चाळणी परीक्षेचे कॉलेजवार निकाल याआधी प्रसिद्ध झालेले आहेत. ते दरवर्षी, वेळेवर, मराठीत द्या. तक्रार करायला जिल्ह्यातच एक टेबल ठेवा, बाईने दिल्लीला जायचं का?

आणि शेवटी एक विनंती. हे सगळं ऐकून कुणी घरी जाऊन 'नको ग बाई, फसवतात' म्हणून मुलीला बसवू नका. फसवणूक होते म्हणून आपण घरं बांधायची थांबवली नाहीत, बांधकाम तपासायला लागलो. मुलींना पाठवा. जरूर पाठवा. पण सही करायच्या आधी तो कागद गटाच्या बैठकीत आणा, मोठ्याने वाचू या, आणि मग ठरवू या.